साठ फुटांची पट्टी

आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात, तुळशीच्या कट्ट्यापासून चार पावलांवर, जमीन जराशी खचलेली आहे. पावसाळ्यात तिथं पाणी साठतं. नातवंडं कागदाच्या होड्या सोडतात. त्यांना ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, तिथं आमचं पेव होतं.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात. गाव पांढरीवर आणि रान काळीत, अशी जुन्या लोकांची वाटणी. पेव काढायचं ते पांढरीतच, कारण काळी माती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर तोंड एका माणसापुरतं, आत पोट मोठं. तळाला आणि कडेला कडब्याचा थर, मग ज्वारी, वर पुन्हा कडबा, मग दगडी चिप आणि चिखलानं लिंपलेलं तोंड. दोन-दोन, तीन-तीन सालं ज्वारी आत राहायची. कडेची काळी पडायची, तिला आंबूस वास यायचा, पण मधली चांगली निघायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. आजोबा स्वतः दोरी धरून बसलेले मला आठवतात. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन.

दामाजीपंतांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बिदरच्या बादशहाचं कोठार त्यांनी दुष्काळात लोकांना खुलं केलं आणि विठ्ठलानं महाराच्या रूपात जाऊन त्याची किंमत चुकती केली. भाविकांना त्यात विठ्ठल दिसतो. मला त्या गोष्टीत कोठारही दिसतं. मंगळवेढ्याला कोठार का होतं? तर या काळीत शाळू पिकायचा आणि एका सालचा दुसऱ्या सालाला पुरायचा. एका घराचं जे पेव, तेच राज्याचं कोठार. आमच्या आजोबांचा सगळा हिशेबच असा होता. ते पिकाचं उत्पन्न रुपयात सांगायचे नाहीत. "यंदा दोन सालाची बेगमी झाली," असं म्हणायचे.

आजोबांची जमीन अठ्ठेचाळीस एकर. ऐकायला मोठी वाटते, पण घरात पोरंसोरं धरून पंचवीस माणसं, सहा बैल, चार-पाच दुभती जनावरं आणि शिवाय बलुतेदार. त्या अठ्ठेचाळीस एकरात तीस एकर काळी, बारा एकर माळ आणि ओढ्याकाठची सहा एकर विहिरीखालची. काळीत शाळू आणि त्यात करडईच्या ओळी. माळावर बाजरी, मटकी, हुलगा आणि गुरांना गवत. विहिरीखाली गहू, हरभरा, लसूण, मिरची, एखादा वाफा कांदा. मीठ, चहापत्ती, रॉकेल आणि कापड सोडलं तर बाजारातून फारसं काही यायचं नाही. गूळ यायचा.

१९६८ साली आजोबांनी जिवंतपणीच वाटणी केली. चार भाऊ, त्यातले माझे वडील तिसरे. पंच बसले. मोजणीची साखळी आणली, तेहतीस फुटांची. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा, हे गणित मी शाळेत शिकायच्या आधी त्या दिवशी शिकलो, कारण साखळीचं एक टोक धरायला मला उभा केला होता. चिठ्ठ्या माझ्या चुलतबहिणीनं उचलल्या.

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण शहरातल्या माणसांना वाटतं की शेतकरी अडाणी म्हणून जमिनीचे तुकडे करत बसले. बारा-बारा एकर सलग देऊन मोकळं होता आलं असतं की! एकाला माळ, एकाला ओढाकाठ आणि दोघांना काळी. पण मग माळवाल्यानं खायचं काय? म्हणून प्रत्येक रानाचे चार भाग केले. प्रत्येकाला साडेसात एकर काळी, तीन एकर माळ आणि दीड एकर विहिरीखालची. आणि काळीतही आडवे भाग केले नाहीत, उभे केले. आमचं काळं रान वरून ओढ्याकडं उतरतं. वरच्या अंगाला माती हातभर, खालच्या अंगाला पुरुषभर. आडवं कापलं तर वरच्या भावावर अन्याय. म्हणून वरपासून खालपर्यंत चार लांब पट्ट्या पाडल्या, नऊशे फूट लांबीच्या. चौघांनाही थोडी हलकी, थोडी भारी. पंचांनी केलेला न्याय इतका चोख होता की आजतागायत आमच्यात त्यावरून कुणी तंटा केला नाही.

पण त्या न्यायानंच नुकसान केलं. पट्टी उताराला लांब, त्यामुळं कुळव आणि पाभरही उतारालाच चालायची. आडवी पेरणी केली तर पाणी अडतं, माती थांबते, हे आजोबांनाही माहीत होतं आणि ते तशीच पेरायचे. पट्ट्या झाल्यावर आडवं औत घालायला वळणच पुरेना. चार-पाच पावसाळ्यांत वरच्या अंगाचा मुरूम दिसायला लागला.

बैलांचीही वाटणी झाली. सहा बैल आणि चार भाऊ. प्रत्येकाला एकेक आला, दोन विकले. एका बैलानं औत चालत नाही, म्हणून वडील आणि धाकटे चुलते यांचा वारंगुळा. आज याचं, उद्या त्याचं. पण शाळवाच्या पेरणीला वाफसा चार दिवस टिकतो. त्या चार दिवसांत 'आज माझं, उद्या तुझं' म्हणताना कुणाचं तरी रान वाळतंच. आणि पेव? पेव एकच. त्यात कुणी किती ओतायचं आणि वाईट सालाला कुणी किती काढायचं, हे चौघा जावांत ठरेना. दोन वर्षं ते रिकामं राहिलं. तिसऱ्या वर्षी एक कालवड त्यात पाय जाऊन अडकली, तेव्हा थोरल्या चुलत्यांनी माती टाकून ते बुजवलं. प्रत्येकाच्या घरात आपापली कणगी झाली. कणगीत एका सालाचं मावतं.

पुढं दोन सालं पाऊस हुकला आणि मग १९७२ उजाडलं.

त्या दुष्काळावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी दोनच गोष्टी सांगतो. आमच्या कणगीचा तळ गणपतीच्या आधी दिसला. रेशनवर परदेशातला लाल मिलो यायचा, त्याची भाकरी तव्यावरच तुटायची. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि आम्हा पोरांना तिथं सुकडी मिळायची. वडिलांनी त्यांचा तो एक बैल विकला, मिळेल त्या पैशाला. दुसरी गोष्ट म्हणजे आजोबा. ते तेव्हा थकले होते. संध्याकाळी अंगणात खाट टाकून त्या बुजवलेल्या जागेकडं बघत बसायचे. एकदा वडिलांना म्हणाले, "रान वाटायचं हुतं, वाटलं. ह्ये कशाला वाटलं?" वडील काही बोलले नाहीत. अण्णा कधीच आजोबांसमोर बोलायचे नाहीत. पेव भरलेलं असतं तर तीन साल टिकलो असतो असं मी म्हणत नाही. दुसरं साल मात्र खडी न फोडता निघालं असतं.

मी १९७६ साली दहावी झालो. अकरावीची जुनी मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच आली होती. पुढं शिकलो नाही. पण वाचनाची खोड लागली, ती गावच्या एका निवृत्त गुरुजींमुळं. जमिनीच्या तुकड्यांविषयी माझं डोकं चालतंय हे बघून त्यांनी मला एका इंग्रजी पुस्तकातला मजकूर मराठीत सांगितला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घराघरांत जाऊन पाहणी केली होती. पुस्तक १९१७ चं. त्यांनी जुनी कागदपत्रं काढून हिशेब मांडला. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराची सरासरी जमीन चाळीस एकर होती. १८१८ ला साडेसतरा एकर झाली. १९१४-१५ ला सात एकर. १५६ खातेदारांचे मिळून ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराहून लहान आणि ११२ तर दहा गुंठ्यांहूनही लहान. गावातल्या बहुतेक घरांचं पोट रानावर भरत नव्हतं, माणसं बाहेर मजुरीला जायची. म्हणजे आमच्या घरात १९६८ ला जे झालं ते तिथं शंभर वर्षं आधीच होऊन गेलं होतं. मला आधी धीर आला, मग भीती वाटली.

सरकारलाही हे दिसत होतं. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणांबद्दल विधेयक आलं. त्याला इतका विरोध झाला की ते मागं घ्यावं लागलं. विरोध करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आमच्याकडं बाबासाहेबांना लोक घटनेपुरतं ओळखतात, पण शेतीच्या तुकड्यांवर त्यांनी १९१८ सालीच लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं साध्या शेतकऱ्याला पटेल असं आहे. रान लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर बैल, अवजार, पाणी आणि माणसं किती लागतात-मिळतात, यावर ठरतं. बैल नसलेल्याला पाच एकरही जड. शेतीवर गरजेहून जास्त माणसं लादली गेलीत, ती कारखानदारीकडं गेल्याशिवाय तुकडे थांबायचे नाहीत. आणि लहान तुकडेवाल्याची जमीन काढून घेण्यापेक्षा मालकी ज्याची त्याची ठेवून कसायचं एकत्र, हा मार्ग त्यांनी कायदेमंडळात सांगितला. मालकी ठेवून कसणं एकत्र. हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. उपयोग बऱ्याच वर्षांनी झाला.

मग १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला. ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही आणि आहेत ते तुकडे एकत्र करून गट करायचे. कायद्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण भाऊ थांबले का? कायदा आडवा आला की वाटणी तोंडी. सातबारावर नावं सामाईक आणि रानात बांध वेगळे. आमची १९९१ ची वाटणी अशीच. अण्णांचे बारा एकर आम्ही तिघा भावांत चार-चार एकर वाटले. अडीच एकर काळी, एक एकर माळ आणि वीस गुंठे विहिरीखालची, प्रत्येकाला. पुन्हा उभ्या पट्ट्या. आता पट्टीची रुंदी एकशे एकवीस फूट. सातबारा मात्र सामाईकच. पीककर्जाला तिघांच्या सह्या, विम्याला तिघांच्या सह्या. एक भाऊ रुसला की दोघांचं कर्ज अडतं.

विहिरीत माझा हिस्सा बारावा. बारा दिवसांनी पाळी. आणि पाळीच्या दिवशी वीज रात्रीची. म्हणून एकेकानं आपापल्या तुकड्यात बोअर मारला. सहा एकरात आता सात बोअर आहेत, त्यातल्या दोहोंना पाणी आहे.

बहिणींचं सांगतो. आम्हाला दोघी बहिणी. १९९१ ला कुणी त्यांना विचारलंही नाही. १९९४ साली आपल्या राज्यात आणि २००५ साली सगळ्या देशात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क आला. तेव्हा आम्ही दोघींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा आणि सही घेतली. साडीचोळी केली. मला आज त्याचा अभिमान नाही. मनात हिशेब एवढाच होता की तिघांचे पाच झाले तर प्रत्येकाला अडीच एकरसुद्धा येत नाही. थोरली आक्का सही करून बाहेर आली आणि म्हणाली, "हक्क सोडला. पर दर साली म्हायेरचं एक पोतं जोंधळं यायला पायजे. त्ये न्हाई सोडलं." तिघा भावांनी आळीपाळीनं द्यायचं ठरलं. मधल्यानं चार वर्षांतच शाळू बंद केला. आता त्याच्या पाळीचं पोतंही मीच देतो.

मधल्यानं शाळू का बंद केला हे समजून घ्यायला पाहिजे. तो आळशी नाही. शाळवाची काढणी म्हणजे ताट मुळासकट उपटायचं. हाताची सालटं निघतात, मजूर मिळत नाही. बाजारात भावाची खात्री नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता, आता तर फुकट. शाळवाला मजुरी घालून कोण खाईल? पण खरी मेख पाखरांची आहे. सगळं शिवार शाळवाचं होतं तेव्हा पाखरं सगळीकडं विभागून खायची, कुणाच्या वाट्याला पसाभर जायचं. आता मधल्या पट्टीत कांदा, पलीकडं मका, अलीकडं हरभरा, आणि एकट्याचीच अडीच एकराची पट्टी शाळवाची. शिवारातली सगळी पाखरं तिच्यावर. पहाटेपासून गोफण घेऊन उभं राहायचं, तेही नऊशे फूट लांबीच्या रानात. या टोकाला हाकललं की त्या टोकाला बसतात. मागास पेरा असला तर खोडमाशी वेगळीच. शाळू हे एकट्यानं घ्यायचं पीक नाही, हे मला तेव्हा कळलं. जमीन वाटली तेव्हा पाखरं वाटून घेतली नव्हती.

भाकरीचं गणित असं. आमच्या घरात सहा खाणारी. दिवसाला तीन किलो पीठ धरा, वर्षाला अकरा क्विंटल. आक्काचं पोतं धरून बारा. आमच्या काळीत बरं साल असलं तर मालदांडी एकरी पाच-सहा क्विंटल देते. म्हणजे दोन एकरांवर एका घराची भाकरी निघते. कडब्यावर दोन म्हशी निघतात. वाईट सालाला काहीच नाही, म्हणून तिसऱ्या एकराची बेगमी पाहिजे. कायद्यानं कमीत कमी क्षेत्र ठरवलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत कमी केलं, जिरायत वीस गुंठे आणि बागायत दहा गुंठे. वीस गुंठे जिरायतीत बरं साल असलं तर तीन क्विंटल ज्वारी. सहा माणसांची तीन महिन्यांची भाकरी. हा आकडा कुणी कुठल्या हिशेबानं काढला ते मला सांगता येणार नाही. भाकरीच्या हिशेबानं काढला नसावा.

राज्याचाही आकडा बघा. कृषिगणनेप्रमाणं १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ ला १.३४ हेक्टर, सव्वातीन एकर. पिंपळे सौदागरला जायला जेवढी दीडशे वर्षं लागली तेवढीसुद्धा आम्हाला लागली नाहीत.

तेव्हा मला वहीतलं ते वाक्य आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी मी, धाकटा भाऊ आणि शेजारच्या पट्टीवाले दोघे चुलतभाऊ असे चौघे बसलो. मी म्हटलं, बांध ज्याचा त्याला, पण शाळू चौघांनी एकाच आठवड्यात पेरू. दहा एकर एका जागी झाला. बी एकच, मालदांडी. राखणीला एकच माणूस, त्याला चौघांनी धान्य द्यायचं. काढणीला एकमेकांच्या सावडीनं. मळणीयंत्र एकाच दिवशी, पोती पट्टीप्रमाणं मोजून. आणि चौघांनी मिळून चार पत्र्याच्या कोठ्या केल्या, त्यात प्रत्येकानं दोन पोती जादाची टाकायची आणि नवी ज्वारी हातात आल्याखेरीज उघडायची नाहीत. माझी बायको हसली. म्हणाली, "पेवच काढलंय की वर."

पाखरांचा त्रास पहिल्याच वर्षी अर्ध्यावर आला. पण सगळं गोड झालं असं समजू नका. तिसऱ्या वर्षी कांद्याला भाव आला आणि एक चुलतभाऊ फुटला. त्याची पट्टी नेमकी मधली. त्याच्या कांद्याला पाणी सोडलं की आमच्या शाळवात शिरायचं आणि ताटं लोळायची. भांडण झालं, बोलणं बंद झालं. पुढं कांदा पडला तेव्हा तो परत आला नाही, मक्याकडं गेला. आम्ही तिघे अजून आहोत. बांध मात्र दर साली बारीक होतोय. आजोबांच्या तीस एकरात आता बारा पट्ट्या आणि अकरा बांध. तीन फुटांचा एक बांध नऊशे फूट लांब म्हणजे अडीच गुंठे, अकरा बांधांचे सत्तावीस गुंठे. पूर्वी बांधावर बोर, बाभळ, लिंब असायचा, अंबाडी टाकायचे. आता झाड कुणाचं यावरून भांडण नको म्हणून तोडली आणि दोन्हीकडून बांध कोरणं चालूच.

माझा धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं फ्लॅट कुठं घेतला असेल? पिंपळे सौदागरला. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघत मी त्याला मानसाहेबांचं पुस्तक सांगत बसलो. ७२९ तुकडे होते म्हटलं इथं. तो म्हणाला, "आता मोजा की अण्णा, किती झाले." खरंच, समोरच्या एका इमारतीतच शंभर खाती असतील. रान नाही, तुकड्यांचा प्रश्नही नाही. संध्याकाळी खाली भाजी आणायला गेलो तर भाकरी विकत मिळत होती, नगावर.

गेल्या वर्षी त्यानं फोनवर विषय काढला. त्याचा हिस्सा वेगळा करून हवा होता. थोरला गावी रान कसतो, त्याला हे पसंत नाही. धाकट्याचं चुकतं असंही मला म्हणवेना. त्याला फ्लॅटचे हप्ते आहेत आणि हक्क त्याचाही आहे. मुलगी मात्र गप्प आहे. तिला मी अजून विचारलेलं नाही, आणि या वेळी न विचारता सही घ्यायची नाही एवढं मी ठरवलंय. तिला सोडून नुसत्या दोघांत वाटलं तरी काळी सव्वा एकर, माळ वीस गुंठे आणि विहिरीखालची दहा गुंठे. माळ आणि विहिरीखालची कायद्याच्या काठावर बरोबर येऊन टेकते. तिघांत वाटलं तर दोन्ही खाली जातात.

जानेवारीत तो पोराबाळांना घेऊन हुरड्याला आला. आगटी पेटवली होती, थोरला कणसं भाजत होता. धाकटा उठून रानात गेला आणि म्हणाला, "माझी पट्टी कुठनं कुठं?" मी बांधाजवळ उभा राहून दाखवली. साठ फूट. तो शाळवातून आडवा चालत गेला, पावलं मोजत. ताटं त्याच्या डोक्याच्या वर होती, त्यामुळं तो दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. चोवीस पावलं झाली. मग तो आतूनच ओरडला, "अण्णा, दादाच्या आणि माझ्यामधला बांध कुणाच्यात धरायचा?"

थोरला आगटीजवळून माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, आधी हुरडा खाऊन घे, निवतोय.